तुळस पुन्हापुन्हा का वाळते? फवारणीआधी कुंडी तपासा

नर्सरीतून हिरवीगार आणलेली तुळस दीड-दोन महिन्यांत काडी होते. नवी आणली की तिचीही तीच गत. मग कोणीतरी फवारणी सुचवते, कोणी कुंडीची जागा बदलायला सांगते आणि घरातली वडीलधारी माणसे मनाला लावून घेतात. दहातल्या सात-आठ वेळा दोष मातीत आणि पाण्यात असतो, पानांवर फक्त त्याची खूण उमटते. तुळस ही पुदिन्याच्याच कुळातली. पण पुदिन्याला पाय ओले चालतात, तुळशीला ते मुळीच चालत नाहीत. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे सोपे होते.

आधी लक्षणे

झाड मलूल झाले आहे आणि माती ओली आहे: मुळे कुजत आहेत. हे सगळ्यात गंभीर लक्षण, कारण घरचे लोक ते तहान समजतात आणि आणखी पाणी ओततात.

झाड मलूल, माती कोरडी, पाणी दिल्यावर तीन-चार तासांत पाने ताठ: फक्त तहान.

खालची पाने पिवळी होऊन गळतात, शेंडा हिरवा: पाणी जास्त, ऊन कमी किंवा खताची उपासमार.

शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या: झाडाला लोह मिळत नाही. बोअरचे जड पाणी किंवा मातीत मिसळलेला चुना-सिमेंट हे त्याचे नेहमीचे कारण.

शेंडे आकसलेले, पाने वळलेली, पानाच्या पाठीवर काळे चकचकीत ठिपके: कीड.

एकाच बाजूची फांदी करपलेली, बाकी झाड ठीक: दिव्याची झळ किंवा खोडाला जखम.

पाने बारीक, मंजिऱ्या भरपूर, खोड लाकडासारखे: झाड बीवर गेले आहे किंवा वय झाले आहे.

डिसेंबर-जानेवारीत पाने जांभळट होऊन गळणे: थंडी. पुणे, नाशिक, विदर्भात रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली गेला की हे होतेच. पाणी कमी करा, कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवा आणि फेब्रुवारीपर्यंत झाडाला हात लावू नका.

पहिली तपासणी: नख

झाड जिवंत आहे का हे आधी ठरवा. शेंड्याकडच्या फांदीची साल नखाने तांदळाच्या दाण्याएवढी खरवडा. आत ओलसर हिरवे दिसले तर ती फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडे दिसले तर दोन-तीन इंच खाली उतरून पुन्हा खरवडा. असे करत मातीजवळ या. जिथे हिरवे लागेल त्याच्या वरचे सगळे धारदार कात्रीने कापून टाका. मातीलगतसुद्धा तपकिरीच निघाले तर झाड गेले, त्याला पाणी घालत बसू नका. पण ती माती तशीच वापरून त्यात नवी तुळस लावू नका. वर्षाला चार-चार तुळशी जाण्याचे मोठे कारण हेच असते.

दुसरी: बोट

मधले बोट दोन पेरे मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. वरची माती पांढरी आणि सुकी दिसली तरी खाली चिखल असू शकतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. कुंडी छोटी असेल तर उचलून बघा. ओली आणि कोरडी यांतला वजनाचा फरक आठवडाभरात हाताला कळायला लागतो.

अडचण अशी की तुळशीला पाणी गरजेपोटी नाही, नेमापोटी घातले जाते. आंघोळ झाली की तांब्याभर पाणी. तांब्या म्हणजे पाऊण ते एक लिटर. दहा इंची कुंडीत माती असते साधारण आठ लिटर. एप्रिल-मेमध्ये झाड हे पाणी पिऊन टाकते. श्रावणात, वरून पाऊस चालू असताना, तेच पाणी मुळांतली हवा काढून टाकते. मुळांना श्वास लागतो. हवा नसली की ती मरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. घरात दोघे-तिघे पाणी घालणारे असतील तर हिशेब आणखी चुकतो.

नेम मोडायची गरज नाही. रोज पळीभर पाणी घाला, पंचपात्रीतल्या पळीचे दोन-तीन चमचे पाणी झाडाला काहीच करत नाही. भरपूर पाणी फक्त बोट कोरडे निघाल्यावर, आणि तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. उन्हाळ्यात हे रोज होईल, हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी, कोकणातल्या जुलैत कदाचित महिनाभर होणारच नाही.

उलट प्रकारही असतो. कोकोपीट एकदा पार सुकले की पाणी शोषत नाही. वरून ओतलेले पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली उतरते, भोकातून वाहते आणि आपल्याला वाटते झाड प्यायले. अशी कुंडी बादलीभर पाण्यात कडेच्या जरा खालपर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण वीस-पंचवीस मिनिटे. मग निथळू द्या.

तिसरी: कुंडीच्या वर काय साचले आहे

मातीचा वरचा थर बघा. हळद-कुंकवाचा थर, अक्षता, उदबत्तीची राख, दिव्याचे सांडलेले तेल, दुधाचा नैवेद्य. यातली प्रत्येक गोष्ट श्रद्धेने वाहिलेली असते, पण बुंध्याशी रोज पडली तर झाडाला सोसत नाही. तेलाने मातीवर पाणी न शोषणारा थर बसतो. दूध आंबते, त्यावर मुंग्या येतात, आणि मुंग्या पिठ्या ढेकणाला (झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड) सांभाळतात, कारण त्याचा गोड चिकटा त्यांना हवा असतो. राख माती अल्कधर्मी करते. काही कुंकवात चुना आणि रंग असतो.

वरची इंचभर माती खुरप्याने काढून तिथे नवी घाला. पुढे हळद-कुंकू कुंडीच्या किंवा वृंदावनाच्या बाहेरच्या अंगाला लावा, दूध-पाण्याचे अर्घ्य शेजारी ठेवलेल्या ताम्हनात सोडा. दिवा खोडापासून निदान वीतभर लांब आणि कोनाड्यात. एकाच बाजूने करपणाऱ्या तुळशी दिवा हलवला की सुधारतात, दुसरे काही करावे लागत नाही.

पाण्याबद्दल एक सूचना इथेच. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी वाचवण्यासाठी अनेक जण ते झाडांना घालतात. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. कुंडीच्या कडेला पांढरी खर धरली असेल आणि पानांच्या कडा करपत असतील तर हे पाणी बंद करा. कुंडीत मावते त्याच्या तिप्पट साधे पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा, मात्र भोक मोकळे असेल तरच. एसीतून ठिबकणारे पाणी चालते.

चौथी: ऊन आणि मंजिऱ्या

तुळशीला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवे. उत्तरेकडच्या बाल्कनीत दीड तास तिरपे ऊन येत असेल तर फांद्या लांबट होतात, दोन पानांतले अंतर वाढते आणि माती सुकत नाही. म्हणजे ऊन कमी असलेल्या कुंडीला पाणीही आपोआप जास्त होते. एका दोषातून दुसरा निघतो तो असा. जागा बदलता येत नसेल तर पाणी निम्मे करा. याउलट विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी बारानंतर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लागतेच.

परदेशात, जिथे हिवाळा कडक आहे तिथे, रात्रीचे तापमान १० अंशांजवळ येण्याआधी कुंडी घरात घ्या. दक्षिणेकडच्या खिडकीत किंवा विजेच्या दिव्याखाली बारा-चौदा तास ठेवा, हीटरच्या झोतापासून लांब. घरातल्या हिवाळ्यात तुळशी थंडीपेक्षा कमी उजेड आणि जास्त पाण्यानेच अधिक जातात.

मंजिरीचे म्हणाल तर ती दिसायला सुंदर आणि पूजेला हवीच, पण झाडावर ती पिकू दिली की झाड आपली ताकद बी धरण्यात घालवते. पाने बारीक होत जातात, खालून फांद्या उघड्या पडतात. दर आठवड्याला मंजिऱ्या खुडून देवाला वाहा. खुडताना फक्त तुरा ओढू नका, खालच्या दोन पानांच्या जोडीच्या वर नखाने तोडा. त्या जोडीच्या बेचक्यातून दोन नवे फुटवे येतात. बियांसाठी एक-दोन तुरे राखा, बाकी नाही.

झाड उंच, उघडे झाले असेल तर एक तृतीयांश छाटा. निम्म्याच्या वर कधीच नाही, आणि कापलेल्या जागेच्या खाली हिरवी पाने राहिली पाहिजेत. नुसत्या लाकडातून तुळस क्वचितच फुटते. छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पावसाळा सरता सरता करा, ऐन थंडीत नको.

पाचवी: पानाची पाठ

आता पानांकडे. शेंड्याचे आकसलेले पान उलटे करून उजेडात धरा. काळ्या डांबराच्या थेंबासारखे बारीक ठिपके दिसले तर ती विष्ठा आहे. तिच्याजवळ दोन-तीन मिलिमीटरचे, चपटे, तपकिरी, जाळीदार पंखांचे ढेकूण आणि त्यांची काळपट पिल्ले सापडतील. भारतात तुळशीचा हा खास शत्रू. रस शोषून तो शेंडे वाळवतो, आणि पाऊस संपल्यावर पंधरवड्यात झाड झडून जाते ते पुष्कळदा यानेच. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पानावर बारीक पिवळे टिपके आणि जाळे म्हणजे लाल कोळी. पान दोऱ्याने गुंडाळलेले असेल तर आत अळी आहे. ते पान चुरगाळून टाका, तेवढेच पुरते.

उपाय क्रमाने. आधी बाधित शेंडे कापून पिशवीत बंद करून कचऱ्यात टाका, कुंडीत नाही. मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची पाठ धुवा, तीन दिवस लागोपाठ सकाळी. पिठ्या ढेकणाला कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एकेक पुंजका पुसा. एवढ्याने भागले नाही तर निंबोळी तेल: एक लिटर कोमट पाण्यात आधी अर्धा चमचा द्रव साबण, मग ५ मिलिलिटर तेल, हलवून लगेच फवारायचे. साबणाशिवाय तेल पाण्यावर तरंगते, मग पहिल्या फवाऱ्यात नुसते पाणी आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळे तेल जाते, आणि पाने भाजतात. संध्याकाळी फवारा, दर सात दिवसांनी तीनदा, कारण अंड्यांवर परिणाम होत नाही आणि नवी पिल्ले निघत राहतात. शेवटच्या फवारणीनंतर आठवडाभर पाने तोंडात घालू नका, नंतर धुऊन घ्या.

रासायनिक कीटकनाशक तुळशीवर मारू नये, असे स्पष्ट सांगणे आहे. तिची पाने तीर्थात, चहात, काढ्यात, लहान मुलांच्या मधाच्या चाटणात जातात.

सहावी: भोक

कुंडी आडवी करून तळ बघा. भोक नसणे, असलेले भोक मुळांनी किंवा चिखलाने बुजणे, किंवा खालच्या बशीत पाणी उभे असणे, तिन्हींचा परिणाम एकच. लांब खिळ्याने भोक मोकळे करा, बशी रोज रिकामी करा, कुंडी दोन विटांवर ठेवा. प्लास्टिकच्या कुंडीला तापवलेल्या सळईने तीन-चार भोके सहज पडतात.

सिमेंटच्या तयार वृंदावनात हा दोष फार. देखणे असते, पण काहींना तळात भोकच ठेवलेले नसते. बादलीभर पाणी ओतून अर्ध्या तासाने बघा. पाणी तसेच उभे असेल तर तुळस जगणार नाही. नव्या सिमेंटमधून चुनाही सुटतो, म्हणून लावणीआधी आठवडाभर त्यात पाणी भरून रोज बदलत राहा. यावर सगळ्यात सोयीचा मार्ग म्हणजे तुळस आठ-दहा इंची मातीच्या कुंडीत लावून ती कुंडी वृंदावनात ठेवणे. पावसात उचलून पागोळ्यांपासून लांब नेता येते आणि तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाला गेरू किंवा रंग देताना टर्पेंटाइनचा थेंबही मातीत पडत नाही.

सातवी: मुळे उपसणे

वरचे सगळे ठीक असूनही झाड खंगत असेल तर झाड उपसा. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी करा.

पांढरट, कडक, मातीचा वास असलेली मुळे म्हणजे चांगली. तपकिरी, मऊ आणि नासका वास म्हणजे मूळकूज. चिमटीत धरून ओढले की कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात आतला दोरा राहतो. अशी सगळी मुळे निरोगी भागापर्यंत कापा, आणि जेवढी मुळे गेली त्या मानाने वरच्या फांद्याही छाटा, नाहीतर उरलेल्या मुळांना तेवढ्या पानांना पाणी पुरवता येत नाही.

मुळांभोवती लाल मातीचा दगडासारखा गोळा निघाला तर तो नर्सरीच्या पिशवीतला आहे. रोपे घट्ट चिकणमातीत भरून विकली जातात, म्हणजे वाहतुकीत फुटत नाहीत. तो गोळा तसाच नव्या मातीत ठेवला की बाहेरची माती ओली राहते आणि आतला गोळा एक तर कोरडा राहतो नाहीतर चिखल. गोळा अर्धा तास पाण्यात भिजवून बाहेरची निम्मी माती बोटांनी सोडवा. मुळे ओढू नका. नवी तुळस आणल्यावर आठ-दहा दिवस जागेला रुळू देऊन हेच करा.

पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली जाड अळी निघाली तर ती हुमणी, कच्च्या शेणखतातून आलेली. वेचून काढा. पुढच्या वेळी खत चाळून घ्या. चांगले कुजलेले शेणखत भुसभुशीत, काळे आणि वासरहित असते.

मातीचे मिश्रण: चार भाग बागेची किंवा लाल माती, तीन भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग जाडसर वाळू, एक भाग कोकोपीट किंवा भाताचे तूस. पठारावरची काळी माती वापरायची असेल तर ती दोनच भाग घ्या आणि वाळू चार भाग करा, ती पाणी धरते आणि सुकली की तडकून मुळे तोडते. दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड आणि दोन चमचे ट्रायकोडर्मा मिसळा. ट्रायकोडर्मा ही मूळकूज करणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, कृषी सेवा केंद्रात मिळते. पाकिटावरची मुदत बघून घ्या, कारण ती जिवंत असते. लावल्यावर एकदाच भरपूर पाणी, मग पाच-सहा दिवस हलक्या सावलीत. खत महिनाभर नको. त्यानंतर महिन्याला मूठभर गांडूळखत पुरे. युरिया-डीएपीचे दाणे कुंडीत टाकू नका, मुळे जळतात.

आणि झाड दोन-तीन वर्षांचे असेल तर ते वाळण्यात काही अशुभ नाही. कुंडीतल्या तुळशीचे आयुष्यच साधारण तेवढे असते. ते संपायच्या आधी पुढचे रोप तयार ठेवा. तुरे नसलेली चार-पाच इंची फांदी, खालची पाने काढून, पाण्याच्या भांड्यात उजेडात ठेवली तर दीड-दोन आठवड्यांत मुळे धरते. पाणी दोन दिवसांनी बदला. बी टाकायचे तर मातीवर भुरभुरा आणि वर चिमूटभरच माती, उबेत आठ-पंधरा दिवसांत उगवते. खोल पुरलेले बी वर येत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी. गाठी मुळाच्या आतच फुगलेल्या असतात, खरवडून निघत नाहीत. कुंडीत असेल तर झाड आणि माती दोन्ही टाका, ती माती दुसऱ्या झाडाला घालू नका, कुंडी धुऊन उन्हात ठेवा. अंगणातल्या जमिनीत असेल तर घरगुती उपाय थांबवा. हीच कीड टोमॅटो-वांगी-भेंडीत शिरते आणि जमिनीचा उपचार क्षेत्र बघून ठरवावा लागतो.

जमिनीत किंवा बांधीव वृंदावनात एकाच जागी लागोपाठ तीन तुळशी गेल्या, पाणी-ऊन-भोक सगळे नीट असूनही, तर मातीत रोग बसला आहे किंवा तिचा सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचे माप) बिघडला आहे. अंदाजाने औषधे ओतू नका. जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरी, दापोली, परभणी, अकोला यांपैकी जवळच्या कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्राच्या लोकांना दाखवा. फोनवर विचारायचे तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक आहे.

वाड्यातले जुने दगडी वृंदावन किंवा गच्चीवर बांधलेले वृंदावन असेल तर भोक स्वतः पाडू नका. गच्चीच्या जलरोधक थराला छिद्र गेले तर खालच्या घरात गळती लागते. ते काम गवंड्याचे.

नमुना नेताना पार वाळलेले झाड नेऊ नका, त्यावर नंतर चढलेल्या बुरशी मूळ कारण झाकतात. अर्धवट मलूल झालेले झाड मुळांसकट उपसा, मुळे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, मुळांजवळची अर्धा किलो माती वेगळ्या पिशवीत घ्या, आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत कागदावर लिहून न्या: पाणी कुठले, किती आणि कधी, ऊन किती तास, खत कोणते, काय काय फवारले.